पुष्पावतीचं कानातलं

दिवाळीला लेक आली की साडी आणते, वडिलांना, म्हणजे नानांना, टोपी आणते, हे पुष्पावतीला पाठ होतं. यंदा मोनिकानं पुण्याहून आणली एक पांढरी डबी. मुठीत मावेल एवढी, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. झाकण उघडलं तर आत भुईमुगाच्या दाण्याएवढी दोन बोंडं.

"कानात घालायची, आई. वायर नाही, काही नाही. मोबाईलवर कीर्तन लावायचं आणि काम करत करत ऐकायचं," मोनिकानं आईच्या तोंडासमोर येऊन सांगितलं, आणि स्वतःच्या हातानं ती बोंडं तिच्या कानांत बसवून दिली.

दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी झाली की लेकीनं आईला कानातलं केलं. शेजारची विजयमाला अंगणात येऊन म्हणाली, "बघू तरी! सोन्याचं हाय का मोत्याचं?" बायका हसल्या. पुष्पावतीही हसली. विजयमाला काय म्हणाली ते तिला ऐकूच आलं नव्हतं. चार जण हसले की आपणही हसायचं, ही तिची जुनी रीत.

बाईचे कान दहा-बारा वर्षांपूर्वी उतरायला लागले. एकदा तापात पडली, उठली ती कानांत भुंगा घेऊनच. पुढे भुंगा गेला, पण जाताना पुष्कळसं घेऊन गेला. घरच्यांना वाटे, हिला जरा कमी ऐकू येतं. किती कमी, ते तिनं कुणाला कळू दिलं नाही. माहेरी तिची एक चुलती होती, झुंबरबाई. ती ठार बहिरी. पोरं तिच्या पाठीमागं उभी राहून ताटल्या बडवायची, आणि ती वळली की पळून जायची. त्या पोरांत लहानपणची पुष्पावतीही होती. म्हणून बहिरी या शब्दाची तिला भारी भीती.

मग तिनं आपली एक तऱ्हा बसवली. लोक बोलत असले की मान हलवायची. कुणी काही सांगितलं की "व्हय व्हय" करायचं. आणि कुणी काही विचारतंय असं चेहऱ्यावरून वाटलं, की म्हणायचं, "आत्ता नको, बघू मंग." हो म्हणून अंगावर काही ओढून घेण्यापेक्षा हे बरं, असा तिचा हिशेब. घरची कर्ती बाई असं बोलली की लोकांना ते शोभूनही दिसायचं. पुष्पावती पोक्त आहे, घाईनं शब्द देत नाही, असं गावात तिचं नाव झालं होतं.

गाव संगमनेरच्या खाली, प्रवरेच्या काठाला. घरी ऊस, जनावरांपुरता थोडा घास, आणि गोठ्यात जर्सी गाई. मुलगा कल्याण दूध गोळा करायचा टेम्पो चालवी. सकाळ-संध्याकाळ तो रस्त्यावरच. नानांचे गुडघे गेलेले, ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत. गोठा होता सासू-सुनेच्या अंगावर. सून राजेश्वरी, पाथर्डीकडची. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, कामाला वाघीण, आणि बोलायला अगदी कमी. निदान पुष्पावतीची तरी अशी समजूत होती.

दिवाळीची पाहुणी गेल्यावरची गोष्ट. सकाळी पुष्पावती गोठ्यात कानांत कीर्तन लावून शेण भरत होती. वाकलं की उजवं बोंड निसटायचं. तिनं ते बोटानं आत दाबलं आणि जरा वेळ दाबूनच धरलं. कानात टुंग असा आवाज झाला. बुवांचा आवाज मागं गेला, आणि बाहेरचं सगळं एकदम आत आलं.

गाय रवंथ करत होती, ते तिला ऐकू आलं. बादलीत दुधाच्या धारा चर्र चर्र पडत होत्या. पत्र्यावर चिमण्यांचे पाय वाजत होते. तिनं हात हलवला तर बांगड्या वाजल्या. आपल्या हातातल्या बांगड्या वाजतात हे ती विसरूनच गेली होती. शेणाची पाटी तशीच हातात धरून ती उभी राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागून कुणीतरी बोलायला लागलं. आवाज जाडसर, निवांत, घरच्या माणसाशी बोलावं तसा.

"...अन् काल भाजी खारट झाली तर नानांनी ताट सारलं. सारंनात का. पर तुमी कशाला हसल्या, आत्या? तुमाला तरी ठाव हाय का कशाला हसल्या ते?"

पुष्पावतीनं हळूच मान वळवली. राजेश्वरी गाईच्या कुशीला कपाळ टेकवून धार काढत होती. नजर बादलीत. दुसरं कुणी गोठ्यात नव्हतं.

पुष्पावतीला म्हणावंसं वाटलं, अगं, नानांचं तोंड हसल्यासारखं दिसलं म्हणून मी हसले. मला ऐकू आलं, राजेश्वरी, तुझं बोलणं ऐकू आलं! तोंडापर्यंत आलंही होतं. पण राजेश्वरीनं मान वर केली, सासू आपल्याकडं बघतेय हे पाहिलं, आणि तिचा चेहरा बदलला. हातानं खूण करत, बारीक आणि उंच आवाजात ती ओरडली, "आत्या! पानी! पानी पाजू का गाईला?"

हा आवाज पुष्पावतीच्या ओळखीचा होता. वर्षानुवर्षं सुनेचा हाच आवाज तिला ठाऊक. मघाचा तो जाडसर आवाज दुसऱ्याच बाईचा.

तिनं मान हलवली. "व्हय व्हय," ती म्हणाली.

इथंच ती चुकली, आणि चुकतोय हे तिला त्या क्षणी कळतही होतं.

त्या दिवशी तिनं बोंडं कानांत ठेवूनच मोनिकाला फोन लावून विचारलं की बोंड दाबलं की बाहेरचा आवाज येतो, तो कसा. मोनिका म्हणाली, "ते होय! रस्त्यानं चालताना गाडीचा हॉर्न ऐकू यावा म्हणून असतं ते. बाहेरचं जरा मोठं करून देतं. पण तुला कशाला लागतंय? तुला तर तसंही बऱ्यापैकी ऐकू येतं की." पुष्पावती म्हणाली, "व्हय, सहज इचारलं."

दुसऱ्या दिवसापासून ती डोक्यावरून पदर घेऊन, कानांत बोंडं घालून गोठ्यात जाऊ लागली. कीर्तन बंद, बोंड दाबलेलं. राजेश्वरीला वाटे, आत्या बुवांच्या नादात आहेत. आधीच ऐकू येत नाही, त्यात कानाला बूच. ती जास्तच मोकळी बोलू लागली.

आणि काय बोलायची पोरगी! विजयमाला गुळात घोळून टोमणे कशी मारते, त्याची अशी नक्कल करायची की पुष्पावतीला हसू आवरायला वैरणीत तोंड खुपसावं लागे. एकदा हसू फुटलंच, तेव्हा तिनं खोकल्याचं सोंग केलं. राजेश्वरी गाईंना नावं ठेवायची, कल्याणला ठेवायची, देवालाही सोडायची नाही. मधेच आवाज खाली यायचा. लेक समर्थ शाळेतून आल्यावर आधी आजीकडं जातो, आपल्याकडं येत नाही, हे बोलायची. दुधाचे भरलेले कॅन उचलून रस्त्यापर्यंत नेताना पाठीत कळ येते, कुणाला सांगितलं तर म्हणतील माहेरी उसाच्या मोळ्या वाहत होती तेव्हा पाठ नव्हती का, हे बोलायची. "आत्या, तुमाला सांगितलं की बरं वाटतं बघा," एकदा म्हणाली. "हिरीत दगड टाकल्यावानी. पडला की गप."

पुष्पावती वैरण टाकत राहिली. घास तोंडात फिरावा तसं ते वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणतात. पुष्पावती तर डोळे उघडे ठेवून पीत होती. रोज उठून ती ठरवायची, आज सांगायचं. रोज गोठ्यात गेलं की वाटायचं, आज एक दिवस ऐकू. सांगितलं की हा आवाज बंद होणार, आणि मग पुन्हा तो बारीक, उंच, खुणांचा आवाज. इतक्या वर्षांनी घरातलं एक माणूस तिच्याशी मन मोकळं करत होतं. मन मोकळं करत होतं ते ती बहिरी आहे म्हणून, हे तिला टोचायचं. पण टोचलं तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बोंड दाबायची.

मग तिनं आपल्या मनाची समजूत घालायचा एक मार्ग काढला. ऐकलंच आहे, तर त्याचं काही चांगलं करू.

एका सकाळी कल्याण टेम्पो घेऊन निघाला तशी ती म्हणाली, "ह्यापुढं कॅन तू उचलायचा. घरातनं रस्त्यापतोर. राजेश्वरीनं न्हाई." कल्याण बघतच राहिला. राजेश्वरीही बघत राहिली. गोठ्यात गेल्यावर गाईला म्हणाली, "आज म्हातारीच्या अंगात काय आलं गं?" पण आवाजात हसू होतं.

पुढं पंधरवड्यानं राजेश्वरी आईबद्दल बोलली. छबूबाईचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. भाऊ आणि भावजय कारखान्यावर तोडीला गेलेले. म्हातारी घरात एकटी, डोळ्यावर काळा चष्मा लावून बसलेली, शेजारीण भाकर देते म्हणून चाललंय. "जावं वाटतं. पर इथं धारा कोन काढील? इचारायचं तरी कसं?"

त्या दुपारी पुष्पावती तिला म्हणाली, "बरेच दिस झाले, म्हायेरला गेली न्हाईस. जाऊन ये. आईला बघून ये. धारांचं मी अन् कल्याण बघतो."

राजेश्वरी पीठ मळत होती. तशीच उठली, पिठाच्या हातांनी वाकली आणि सासूच्या पाया पडली. पुष्पावतीच्या पावलांवर पीठ लागलं. तिला वाटलं, आता धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. तिनं सुनेच्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण तो हात आपला नव्हे, चोराचा आहे, असं तिला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं राजेश्वरी निघणार होती. सकाळी नेहमीसारखी गोठ्यात आली. धारा वाजत होत्या. मग तो जाडसर आवाज आला, पण आज त्यात निवांतपणा नव्हता.

"आत्या, काल तुमी न मागता जा म्हनल्या. रातभर मला तेच आठवत हुतं. तवा मी मागून बी तुमी नको म्हनल्या हुत्या."

पुष्पावतीचा हात वैरणीत थांबला.

"लगीन होऊन वरीस झालं न्हवतं. दादा, माजे वडील, कारखान्यावरनं कावीळ घेऊन आले. भावाचा फोन आला ह्यांच्या मोबाईलवर, राजेश्वरीला धाडून द्या म्हून. हे म्हनले, आईला इचार अन् जा. मी इथंच, ह्याच दावनीपाशी तुमाला इचारलं. दादांना लई बरं न्हाई, जाऊन येऊ का? तुमी म्हनल्या, आत्ता नको, बघू मंग." गाय शेपटी झाडत होती. "नवी सून मी. परत इचारायची छाती झाली न्हाई. ह्यांना सांगितलं, आई नको म्हनल्या. हे म्हनले, मंग थांब थोडं. तिसऱ्या दिशी फोन आला. दादा गेले हुते."

बादली भरली होती, तरी ती उठली नाही.

"पुढं कळलं, तुमाला ऐकू कमी येतं. पर तवा तुमी ऐकलंच न्हाई, का ऐकून नको म्हनल्या, हे मला आजून ठाव न्हाई, आत्या. आट वर्सं झाली. आजून ठाव न्हाई."

एवढं बोलून तिनं पदरानं तोंड पुसलं, बादली उचलली आणि सासूसमोरून जाताना उंच आवाजात म्हणाली, "आत्या! निघते मी दुपारी! औषध घ्या येळंवर!"

पुष्पावतीनं मान हलवली.

राजेश्वरी गेली. पुष्पावती गोठ्यात त्याच दावणीपाशी बसून राहिली आणि ती सकाळ आठवायचा प्रयत्न करू लागली. सुनेनं काय लुगडं नेसलं होतं, ऊन होतं का ढग होते, आपण काय करत होतो? काही आठवेना. आपण त्या वेळी काय ऐकलं असं समजलो, तेही आठवेना. आठवण्यासारखं तिच्या दृष्टीनं काही घडलंच नव्हतं. सुनेचे ओठ हलले असतील, चेहरा काहीतरी विचारतोय असा वाटला असेल, आणि आपण आपलं ठेवणीतलं वाक्य फेकलं असेल. तसं ते रोजच फेकत होतो.

व्याही वारले तेव्हा ती दहाव्याला गेली होती. सुनेला जवळ घेऊन रडलीही होती. त्या वेळी पोरीचं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं, ते मात्र तिला आठवलं. तेव्हा वाटलं होतं, दुःखानं झालं असेल.

आणि मग मनात आलं, ते वाक्य आपण आणखी कुणाकुणाला म्हटलं असेल? मोनिका कॉलेजात असताना मागं उभी राहून काहीतरी विचारायची. कल्याणनं कितीदा काय काय विचारलं असेल. शेजारणीनं एकदा घाईघाईनं दारात येऊन काहीतरी मागितलं होतं आणि तोंड पाडून परत गेली होती. कशासाठी आली होती ती?

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. नाना ओट्यावरून ओरडून विचारत, "काय गं, बरं न्हाई का?" ती मान हलवी. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं कल्याणला सांगितलं, "मला संगमनेरच्या स्टँडवर सोड. मी पाथर्डीला चालले."

"एकटी? कशाला? ती येईलच की चार दिसात."

"मला जायचंय," ती म्हणाली. इतकी वर्षं ती एकटी कधी गाडीत बसली नव्हती. कंडक्टर काय म्हणतो ते कळत नाही म्हणून. आता कानांत बोंडं घालून ती बसली. नगरला गाडी बदलली. पाथर्डीपासून पुढं वडापच्या जीपमध्ये बायकांच्या मांडीला मांडी लावून डोंगराच्या पायथ्याला गेली. वाटेत बोंडांची बॅटरी संपत आली तशी ती काढून चार्ज व्हायला डबीत ठेवली आणि डबी मुठीत घट्ट धरली. तिथं पोचल्यावर ऐकू यायला हवं होतं.

पत्र्याचं घर, पुढं अंगण. छबूबाई भिंतीला टेकून काळा चष्मा लावून बसलेली. राजेश्वरी तुरीच्या शेंगा झोडत होती. सासूला बघून तिच्या हातातलं बडवणं खाली पडलं.

"आत्या! तुमी! काय झालं? समर्थ बरा हाय ना?" हात हलवत, त्या बारीक आवाजात.

पुष्पावतीनं बोंडं कानांत घातली, दाबली, आणि डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर टाकला. कान उघडे दिसले पाहिजेत म्हणून.

"समदे बरे हायेत. हळू बोल, राजेश्वरी. मला ऐकू येतंय."

"आं?"

"हे कानात घातलं अन् दाबलं की मला ऐकू येतं. तू गोठ्यात बोलतीस ते बी."

राजेश्वरीचा चेहरा एकदम कोरा झाला. छबूबाईनं मान आवाजाच्या दिशेनं वळवली.

"कवापास्नं?" राजेश्वरीनं विचारलं. या वेळी तो जाडसर आवाज होता.

"दिवाळीपास्नं."

"समदं?"

"समदं."

"अन् तुमी गप बसल्या."

"व्हय."

"ते कॅनचं... आईकडं जा म्हनल्या ते..."

"ऐकूनच म्हनले."

राजेश्वरी हळू म्हणाली, "मी पाया पडले तुमच्या."

पुष्पावतीनं वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं कुठल्या कुठं गेलं. खाली बसली आणि जे सांगायला आली होती तेवढं बोलली.

"तू इचारलं हुतं, ऐकलं न्हाई का ऐकून नको म्हनलं. न्हाई ऐकलं मी. पर ऐकू आलं न्हाई, परत बोल, असं बी म्हनले न्हाई. भैरी म्हनतील म्हून लाज वाटायची. मी माझी लाज संबाळली, अन् तुझी बापाची भेट गेली. हे मला परवा कळलं. कळल्यावर बी दोन दिस घरात बसून ऱ्हायले."

राजेश्वरीनं खाली पडलेलं बडवणं उचललं. शेंगांवर दोन-तीन तडाखे दिले, आणि थांबली.

"आट वर्सं मला निम्माच राग धरता आला, आत्या. ऐकू आलं नसंल म्हून निम्मा सोडून द्यायची. धड रडता येईना, धड भांडता येईना. एक ती गोठ्याची जागा हुती, मनातलं सोडायला. ती बी तुमी..." तिनं बडवणं बाजूला टाकलं. "तिथं तरी मी एकटी हुते असं वाटायचं."

ती उठून घराच्या मागं गेली. बराच वेळ आली नाही. पुष्पावती अंगणात बसून होती. शेवटी छबूबाईनं लेकीला हाक मारली, "राजू, भाकर टाक. लांबून आल्यात त्या." राजेश्वरी आली, चूल पेटवली, भाकरी केली, वाढली. पाणी दिलं. सगळं केलं, पण शब्द बोलली नाही.

सकाळी पुष्पावती निघाली. राजेश्वरी तूर पाखडत होती, तिनं वर पाहिलं नाही. छबूबाई भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आली. पुष्पावतीचा हात चाचपून धरला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "इहीनबाई, एक सांगू? मालक गेले ना, ते शेवटपतोर दाराकडं बघत हुते. राजू आली का, राजू आली का, तेवढंच. मी तिला सांगितलं, झोपेत गेले, काय कळलं न्हाई त्यांना. ती तेवढ्यावरच जगती. माझ्या बी उरात हे मावंना आता. तुमी ऐकायला आलात, तर ऐका. तिला सांगू नका. ऐकू आलं ना?"

"आलं," पुष्पावती म्हणाली.

परतीच्या गाडीत तिनं बोंडं कानांतून काढली नाहीत. गाडीचा खडखडाट, पोरांचं रडणं, कंडक्टरचं ओरडणं, सगळं तिनं ऐकून घेतलं. पण त्या सगळ्याच्या वर छबूबाईनं सांगितलेलं 'राजू आली का' तेवढंच येत राहिलं.

घरी आल्यावर तिनं नानांना आणि कल्याणला समोर बसवलं आणि सांगितलं, "मला ऐकू येत न्हाई. थोडं न्हाई, लईच येत न्हाई. इतकी वर्सं मी सोंग केलं. ह्यापुढं बोलायचं तर समोर येऊन बोला, अन् मी व्हय म्हनले तर परत इचारा."

नाना म्हणाले, "मला ठाव हाय की. म्हून तर मी वरडतो." राजेश्वरीचं सगळं तिनं सांगितलं तेव्हा कल्याण जमिनीकडं बघत म्हणाला, "मी बी तुला एकदा इचारायला पायजे हुतं, आई. एका घरात तर हुतो." आणि उठून टेम्पो धुवायला गेला. धुतलेलाच टेम्पो तो पुन्हा धूत बसला होता.

दूध संकलन केंद्रावरही पुष्पावतीनं बायकांना सांगितलं. विजयमाला चटकन म्हणाली, "भैरी हायेस म्हन की सरळ!" पुष्पावतीनं ते स्वच्छ ऐकलं. लागलंही. "व्हय, भैरी," ती म्हणाली.

राजेश्वरी सांगून गेली होती त्याच्या कितीतरी जास्त दिवस राहून आली. आल्यावर कामाला लागली. पुष्पावती आता गोठ्यात जाताना कानांत काही घालत नसे; डबी घरात फळीवर ठेवून जायची, आणि रिकामे कान दिसावेत म्हणून पदर खांद्यावर टाकायची. राजेश्वरीला बोलायचं असेल तर बोलता यावं. पण राजेश्वरी बोलत नव्हती. तिचे ओठ मिटलेले असत, हे पुष्पावतीला दिसे. एखाद्याचा झरा बुजवावा तसं आपण करून ठेवलंय, असं तिला वाटत राही.

थंडी ओसरायला लागली तेव्हाची गोष्ट. सकाळी पुष्पावती पाटी घेऊन निघाली तर राजेश्वरी गोठ्याच्या दारात समोर उभी. हातात ती पांढरी डबी. तिनं ती पुढं केली.

"घाला. बोलायचंय मला."

पुष्पावतीनं बोंडं घातली, दाबली. गाई, चिमण्या, सगळं आत आलं.

"मी आजून रागात हाय," राजेश्वरी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली.

"व्हय. ऐकलं."

"मी तवा तूर पाखडत हुते. आईनं तुमाला दारात काय सांगितलं? तिला इचारलं तर म्हनती काय न्हाई. पर जाताना तुमचं तोंड मी बघितलं हुतं."

जुनी सवय पुष्पावतीच्या जिभेच्या टोकावर आली, नुसतं "आं?" म्हटलं असतं तर निभावलं असतं, बॅटरी गेली म्हटलं असतं तरी चाललं असतं. खरं सांगावं, तर छबूबाईचा शब्द जातो आणि या पोरीच्या उरावर आणखी एक धोंडा पडतो. तिनं पाटी खाली ठेवली.

"सांगितलं तिनं मला. मी ऐकलं, चांगलं ऐकलं. पर ते सांगायचं का न्हाई, हे तुझ्या आईनं ठरवायचं. मी न्हाई सांगनार."

राजेश्वरी तिच्याकडं बराच वेळ बघत राहिली. पुष्पावतीनं नजर खाली घातली नाही. तिला ते जड गेलं, पण घातली नाही.

"फागुनात दादांची तिथ हाय," राजेश्वरी शेवटी म्हणाली. "तवा आईला इचारीन मी, तुमच्यासमोर. तुमी बी यायचं."

"येते."

"लांबचं हाय. उन्हं असत्यात."

"असू दे. येते."

राजेश्वरीनं बादली उचलली, गाईच्या कुशीला बसली आणि धार काढायला लागली. पुष्पावती शेण भरू लागली.